एका वाक्याला चष्मा पुसणारे डॉक्टर मकासरे

डॉक्टर दिनकर मकासरे यांचा मला मत्सर वाटायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहीन त्यावर वाचकांना विश्वास ठेवता येईल. प्रेमापोटी लिहायला बसलं की ज्याच्यावर लिहायचं तो माणूस गोड होत जातो आणि शेवटी त्याच्या घरच्यांनाही ओळखू येत नाही. मत्सर करणाऱ्याचं तसं नसतं. त्याला समोरच्यात काहीतरी खोट सापडायला हवी असते, म्हणून तो नीट बघतो. मी बरीच वर्षं बघत होतो.

ज्या खोटी सापडल्या त्या आधी सांगतो. ते चहा बशीत ओतून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात प्यायचे. स्कूटर होती तेव्हा आणि पुढे गाडी आली तेव्हाही त्यांनी कधी कोणाला "चला, सोडतो" म्हटलं नाही. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायकांना ते सगळ्यांदेखत "वजन वाढलंय तुमचं" असं सांगायचे, आणि पुरुषांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या अंगठ्याने ओढून बघायचे. "रक्त कमी आहे. पालेभाजी खा. मी जनावरांचा डॉक्टर आहे, माणसांचं मला कळत नाही, पण पालेभाजी खा."

ते खरोखरच जनावरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीत नगर, शिरूर, दौंड असं करत शेवटी पुण्यात आले आणि निवृत्त झाले. हात मोठे, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, अंगात कायम सफारी. त्या सफारीची फॅशन केव्हाच गेली होती, ती परत यायची ते वाट बघत असावेत.

आम्ही दोघे एकाच मराठी चर्चचे. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला आणि पंचमंडळाचा सभासद. पंचमंडळ म्हणजे चर्चचा कारभार बघणारी समिती. तिथले कडाक्याचे वाद पंखे कोणत्या कंपनीचे घ्यायचे यावर होतात. देवाबद्दल फारसं मतभेदाचं वातावरण नसतं, कारण देवाचा विषय निघत नाही.

रविवारच्या उपासनेत एक वेळ अशी येते की सगळी मंडळी उभी राहते आणि एका सुरात विश्वासांगीकार म्हणते. आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून मोठ्याने सांगायचं, असा तो प्रकार. जुन्या धर्मसभांनी भांडून भांडून ठरवलेले ते शब्द आम्ही बसस्टँडवरच्या घोषणेसारखे म्हणतो. त्यात येशूबद्दल एक वाक्य आहे: तो खऱ्या देवापासूनचा खरा देव, पित्याशी एकतत्त्व. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तरीही देव एकच, हा जो त्रैक्याचा सिद्धान्त, त्याचा सगळा भार या वाक्यावर आहे.

हे वाक्य आलं की डॉक्टर मकासरे चष्मा काढायचे, खिशातून रुमाल काढायचे आणि काचा पुसू लागायचे. वाक्य संपलं की चष्मा पुन्हा नाकावर. आणि येशूने दुःख सोसलं, तो मेला, त्याला पुरलं, तो उठला, या पुढच्या ओळी चर्चमधल्या कोणाहीपेक्षा मोठ्या आवाजात.

काचा आधीच स्वच्छ असायच्या.

नव्या लोकांना वाटायचं, डॉक्टरांना त्या ठिकाणी गहिवरून येतं. जुन्यांना माहीत होतं. मकासरे येशूला देव मानत नव्हते. देव एक, आणि तो म्हणजे येशू ज्याला 'बापा' म्हणून हाक मारायचा तो. येशू त्याचा पुत्र, त्याने निवडून पाठवलेला, मेल्यावर त्याने उठवलेला, पण माणूस. भूक लागणारा, थकणारा, घाबरणारा माणूस. डॉक्टर येशूच्या नावाने प्रार्थना करत, येशूला करत नसत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंचंही मत तेच होतं. लग्न झालं तेव्हा दोघांनी एकमेकांपासून ते बरेच दिवस लपवून ठेवलं होतं, असं त्या हसत हसत सांगायच्या.

सुरुवातीच्या काळात मी त्यांना विचारलं होतं, "मग डॉक्टर, तुम्ही ख्रिस्ती कसे?"

"त्याच्या मागे चालतो म्हणून. तुम्ही लोकांनी त्याला इतक्या उंचावर नेऊन बसवलंय की त्याच्या मागे चालणं म्हणजे आगाऊपणा वाटावा. मला चालायचंय हो."

मी त्यांना सांगितलं की या मताला मोठा इतिहास आहे. असं मानणारे पहिल्या शतकांपासून होते. त्यांना वेगवेगळी नावं होती, त्यातली बरीच शिवी म्हणून वापरली गेली, काही जणांना त्यापायी जीवही गमवावा लागला. बोलायची संधी मिळाली की मी सोडत नाही, त्यामुळे बराच वेळ सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खूश होऊन म्हणाले, "बरीच मंडळी होती म्हणायची! आम्हाला वाटलं, आम्ही दोघंच."

ते वाघोलीला राहायचे. जवळपास कुठेही टेकडी नसताना नावात 'हिल्स' असलेल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथले शेजारी जोशी म्हणून एक निवृत्त बँक अधिकारी होते. एकदा मी गेलो असताना जोशी साखर मागायच्या निमित्ताने आले आणि माझी ओळख होताच त्यांनी माझ्याकडे तक्रार केली.

"अहो प्रोफेसर, तुम्ही तरी सांगा यांना. आमच्या देवघरात येशूचा फोटो आहे. आमच्या हिने गोव्याहून आणलेला. आम्ही रोज फूल वाहतो. आम्ही ब्राह्मण असून येशूला देव मानतो, आणि हे ख्रिश्चन असून मानत नाहीत!"

"जोशीसाहेब, तुमच्याकडे जागा भरपूर आहे," डॉक्टर साखर मोजत म्हणाले. "आमच्याकडे एकाचीच आहे."

"अहो, पण त्यांना वाईट नाही का वाटणार?"

"कोणाला?"

"येशूंना!"

"त्यालाच विचारून केलंय सगळं. त्याला एकाने 'उत्तम गुरुजी' म्हटलं, तर तो म्हणाला, मला उत्तम कशाला म्हणतोस, देवाशिवाय कोणी उत्तम नाही. असा माणूस आहे तो. तुमचं फूल बघून लाजत असेल."

जोशींनी साखर घेतली. जाताना दारात थांबून म्हणाले, "तरी आम्ही फूल वाहणारच." "वाहा की," डॉक्टर म्हणाले, "फुलाला काय धर्म."

मला मत्सर कशाचा वाटत होता, हे आता सांगायला हवं. मी त्रैक्याच्या सिद्धान्ताचं चाळीस मिनिटांत बिनतोड समर्थन करू शकतो. केलेलंही आहे, अनेक व्याख्यानांत, शालींसह. पण आमच्या चर्चमध्ये कोणी दवाखान्यात पडलं की निरोप मकासऱ्यांना जायचा. मला कधीच नाही.

माझ्या मेव्हण्याची बायपास झाली तेव्हा मी रोज सकाळी जाऊन त्याच्याजवळ बसायचो. एक स्तोत्र वाचायचो, त्यातल्या कठीण जागा समजावून सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. एके दिवशी मी असतानाच मकासरे आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याची पापणी ओढली, हिरड्या बघितल्या, स्टूल जवळ ओढलं आणि त्याचं मनगट हातात धरून बसून राहिले. बसले ते बसलेच. एक शब्द नाही. मधेच मेव्हणा रडला, तरीही एक शब्द नाही. शेवटी उठताना "बापा, हा घाबरलाय. बघ जरा" एवढं म्हणाले, आमेन म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी शालिनी, म्हणजे माझी पत्नी, भावाला भेटायला गेली. तो तिला म्हणाला, "आज फार बरं वाटलं गं. डॉक्टर येऊन गेले."

"हे पण आले होते ना सकाळी?"

"हो. तेही होते."

'तेही.' पुढे मी डॉक्टरांना विचारलं की इतका वेळ न बोलता बसायचं तुम्ही शिकलात कुठे. ते म्हणाले, "माझे सगळे पेशंट मुके होते. म्हशीला काय विचारणार, कसं वाटतंय म्हणून? जवळ बसायचं. तिचा श्वास आणि आपला श्वास एका लयीत आला की ती सांगते."

दर बुधवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ते बायबलचा वर्ग घ्यायचे. मीही एकदा महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक अभ्यासमंडळ सुरू केलं होतं. तिथे विषय उत्तम असत आणि खुर्च्या भरपूर मोकळ्या. बुधवारी मात्र उभं राहायला जागा नसे. शालिनी बुधवारी जायची. तिथून हसण्याचे आवाज बाहेर रस्त्यापर्यंत यायचे, त्यातला एक मला ओळखू यायचा. मी तिला एकदा म्हटलं, "त्यांची मांडणी फार ढोबळ असते." ती भाजी चिरत म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर असतं हो. पण ऐकून घरी आल्यावर काही करावंसं वाटत नाही."

मग सुशीलाबाई गेल्या. आजार लहान, मरण लवकर. पुढच्याच बुधवारी डॉक्टरांनी वर्ग घेतला. त्या दिवशी मीही गेलो होतो. सांत्वनाला म्हणून गेलो असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी गेथशेमाने बागेचा प्रसंग घेतला. पकडलं जाण्याआधीची येशूची ती प्रार्थना, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणणारी.

"इथे तो घाबरला आहे," डॉक्टर म्हणाले. "घाम फुटलाय. तो देव असता आणि पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं, तर हे नाटक झालं. मला नाटकी माणसाच्या मागे जायचं नाही. मी आयसीयूच्या बाहेर बसलो होतो ना, तेव्हा माझ्याबरोबर घाबरलेला कोणीतरी हवा होता. न घाबरणारे तिथे बरेच होते. ते सगळे पांढऱ्या कोटात होते."

माझ्याकडे या युक्तिवादाला उत्तर होतं. एका व्यक्तीत दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, त्यातला मानवी घाबरला. हे उत्तर जुनं आहे आणि चांगलं आहे. मी ते दिलं नाही. शालिनी डोळे पुसत होती आणि मला वाटलं, माझ्या कुठल्याही उत्तराने हिने कधी डोळे पुसलेले नाहीत.

पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आता नवी जागा उरलेली नाही. त्यामुळे एका घरची माणसं एकाच कबरीत पुरतात, आधीच्या माणसावर मधे बरीच वर्षं जाऊ देऊन. नवरा-बायकोचं तर ठरलेलंच असतं. मात्र त्यासाठी चर्चचं पूर्ण सभासदत्व लागतं आणि पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, परवानगी. सुशीलाबाईंच्या दगडावर खाली डॉक्टरांच्या नावापुरती जागा कोरी ठेवलेली होती. ते दर रविवारी दुपारी तिथे जायचे. "जागा बघून येतो" म्हणायचे, फ्लॅट बुक केलेला माणूस म्हणतो तसं.

त्यानंतर आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, कामसू, आवाज चांगला. कुठल्याशा संस्थेने दिलेली मानद डॉक्टरेट त्यांच्या नावाआधी लागलेली होती. नाताळात चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मध्यभागी हात जोडलेले पाळकसाहेब, खाली पंचमंडळाचे गोल गोल फोटो, आणि वर कोपऱ्यात त्याच आकाराच्या गोलात येशू.

डॉक्टर फ्लेक्सखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मला म्हणाले, "प्रोफेसर, मी त्याला माणूस म्हणतो तर तुम्ही रागावता. यांनी त्याला कार्यकर्ता केलाय."

पाळकसाहेबांनी उपासना मोबाइलवर थेट दाखवायला सुरुवात केली, आणि तिथून सगळं बिघडलं. कॅमेरा वेदीच्या बाजूने मंडळीकडे तोंड करून लावलेला होता. डॉक्टर बसायचे दुसऱ्या बाकावर. दर रविवारी, नेमक्या त्या वाक्याला, पडद्याच्या मधोमध एक सफारीतला माणूस चष्मा पुसताना दिसायचा. इतकी वर्षं आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जे होतं ते परदेशात बसलेल्या कोणा जुन्या सभासदाने पाहिलं आणि विचारलं, हे गृहस्थ या वाक्याला का गप्प राहतात? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आधी हसणारे चेहरे आले, मग बायबलमधली वचनं आली, मग मोठे मोठे परिच्छेद आले.

कॅमेरा जरा बाजूला सरकवावा, असं मी सुचवलं. ते कोणाला गंभीर वाटलं नाही.

पंचमंडळाची बैठक झाली. डॉक्टरांना बोलावलं होतं. पाळकसाहेब दुष्ट नव्हते, हे मला लिहायलाच हवं. ते म्हणाले, "डॉक्टर, माझी मुलगी जन्मली तेव्हा काचेच्या पेटीत होती. मी काचेवर हात ठेवून येशूला हाक मारली. पित्याला नाही, येशूला. तुमचं खरं मानलं तर ती हाक चुकीच्या ठिकाणी गेली. हे मी माझ्या मंडळीला कसं शिकवू देऊ?"

"चुकीच्या ठिकाणी कशी जाईल, साहेब?" डॉक्टर म्हणाले. "पोर थोरल्या भावाच्या नावाने ओरडलं तरी बाप उठून येतोच. घर एकच आहे. मुलगी कशी आहे आता?"

"तिसरीत आहे."

"रक्त तपासून घेतलं का मधे? अशा मुलांचं बघावं लागतं."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. तरी त्यांनी नियम सांगितला, आणि तो नियम त्यांनी बनवलेला नव्हता. पूर्ण सभासदाने विश्वासांगीकार पूर्ण म्हटला पाहिजे. ईस्टरच्या आधी डॉक्टरांनी तो एकदा मंडळीसमोर म्हणावा. नाहीतर त्यांना सहयोगी सभासद करावं लागेल. सहयोगी सभासदाला उपासनेला बसता येतं, वर्गणी देता येते, सतरंज्या उचलता येतात. वर्ग घेता येत नाही, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर घेता येत नाही, आणि दफनभूमीत जागा मिळत नाही. शेवटची गोष्ट कोणी मोठ्याने म्हटली नाही.

त्यांची समजूत घालायला मला पाठवलं. शिकलेला माणूस म्हणून. मी वाघोलीला गेलो. डॉक्टर जमिनीवर बसून सोसायटीतल्या एका भटक्या कुत्र्याचे टाके बघत होते.

"तुम्हाला पाठवलं?"

"मी आलो."

"म्हणजे पाठवलं. बसा. याला हात लावू नका, आज चिडलाय."

चहा झाला. बशीतून. मग मी म्हटलं, "डॉक्टर, एक वाक्य आहे हो."

"आहे."

"आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा. कॅमेऱ्यात ओठ हलताना दिसले की विषय मिटला, पाळकसाहेबही तेवढ्यावर थांबतील."

"तुम्ही म्हणता ते वाक्य?"

"दर रविवारी. खणखणीत."

"मानता?"

"चाळीस मिनिटं द्या, ते किती सुसंगत आहे ते पटवून देतो."

"ते नाही विचारलं मी."

मी कुत्र्याकडे बघितलं. कुत्रं माझ्याकडे बघत होतं.

"तुम्हाला म्हणता येतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमचं त्यात काही अडकलेलं नाही. माझी बायको अडकली आहे. असं बघा, येशू देव असेल तर त्याचं उठणं म्हणजे घरचं काम झालं. देवाला मरण किती वेळ धरून ठेवणार? त्यात आमच्या सुशीलेचं काय? पण तो माणूस असेल, आपल्यासारखा पुरता मेलेला असेल, स्वतःहून बोटही हलवता येत नसेल, आणि तशाला बापाने उठवलं असेल, तर मग सुशीलेलाही उठवेल. मी तेवढ्यावर उभा आहे. आता ते वाक्य म्हटलं तर मला तिच्याजवळ झोपायला मिळतं. पण मग ती उठणार आहे हे मला कुठल्या तोंडाने म्हणता येईल? दोन्हीपैकी काय घेऊ, सांगा."

मी कप खाली ठेवला. चहा चांगला झालाय म्हटलं.

परत येताना नगर रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, आणि मी त्या रांगेत बसून त्या माणसावर जळत होतो. त्याची कबर जाणार होती. वर्ग जाणार होता, आणि त्या वर्गाखेरीज त्याच्या आठवड्यात दुसरं काही नव्हतं. तरी मला त्याची दया येईना. माझ्या श्रद्धेची चौकशी करावी असं पंचमंडळाला कधी वाटलं नव्हतं. चौकशी करायला आधी ती जागेवर असावी लागते. मी आईवडिलांच्या कबरीत जागा राखून असलेला, एकही शब्द न गाळता सगळं म्हणणारा, पूर्ण सभासद होतो.

ठरलेला रविवार आला. चर्च भरलं होतं. मंडळी उभी राहिली. ते वाक्य आलं, आणि डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या दिवशी त्यांनी काचा पुसल्या नाहीत. चष्मा हातात धरून समोर बघत उभे राहिले, बस्स.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. बुधवारचा वर्ग पाळकसाहेब घेऊ लागले. डॉक्टर मात्र रविवारी येत राहिले, त्याच बाकावर, माझ्याशेजारी. प्रभुभोजनाचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. ते त्यांच्यापर्यंत आलं की ते दोन्ही हातांनी धरायचे, त्यातल्या भाकरीकडे एकदा बघायचे आणि माझ्यापुढे करायचे. "घ्या, प्रोफेसर." मी घ्यायचो. मला पूर्ण अधिकार होता. इतकी बेचव भाकर मी आयुष्यात खाल्लेली नाही.

नवं वर्ष लागलं तेव्हा शालिनीने बातमी आणली की डॉक्टरांनी देहदान करायचं ठरवलंय. कात्रजच्या पलीकडच्या कुठल्याशा मेडिकल कॉलेजला मेल्यावर शरीर द्यायचं. मुलीला नाशिकला फोन करून सांगितलं, ती रडली, मग तयार झाली.

आणि तसंच झालं. पावसाळ्यानंतर एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले. जोशींनी पाहिलं. आम्ही तेव्हा नगरला लग्नाला गेलो होतो. परत आलो तोवर कॉलेजची गाडी येऊन गेली होती. त्यामुळे शेवटचं दर्शन राहिलंच. दर रविवारी ते माझ्या शेजारी बसायचे, पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्याच वर्षीच्या ईस्टरच्या पहाटेचे.

ईस्टरच्या, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाच्या, पहाटे आम्ही दफनभूमीत जमतो. आदल्या दिवसांत कबरी झाडून, चुना लावून ठेवलेल्या असतात. पहाटे त्यांच्यावर फुलं आणि मेणबत्त्या लावायच्या, गाणी म्हणायची आणि उजाडायची वाट बघायची. त्या वर्षी फाटकावर पाळकसाहेबांचा फ्लेक्स होता, पुनरुत्थानाच्या हार्दिक शुभेच्छा देणारा. डॉक्टर सुशीलाबाईंच्या कबरीपाशी होते. इतरांचा चुना वाळलेला, यांचा अजून ओला. पँट दुमडलेली, हात कोपरापर्यंत पांढरे. दगडावरची ती कोरी जागाही त्यांनी चुन्याने रंगवून टाकली होती.

"प्रोफेसर, पाणी आहे का?"

शालिनीने बाटली दिली. ते कबरीच्या कडेला बसून प्यायले. गाणी सुरू होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचा तर उठण्यावर एवढा भरवसा. तिथे कॉलेजातली मुलं तुमचे तुकडे करतील."

"मी आयुष्यभर जनावरांचे केले की. मातीत काय अख्खा राहणार होतो?" त्यांनी बाटलीचं झाकण नीट लावून शालिनीला परत दिली. "उठवणाऱ्याला पत्ता सांगावा लागत नाही हो." मग खालच्या आवाजात, "इथे असतो तर बरं झालं असतं, ते खरं आहे."

पूर्वेला उजाडलं. पाळकसाहेबांनी माइकवरून, "प्रभू उठला आहे!" अशी घोषणा केली आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. डॉक्टरांचं उत्तर सगळ्यांत मोठं होतं. लोक एकमेकांना भेटू लागले. आम्ही माझ्या आईवडिलांच्या कबरीकडे वळलो. चार पावलं गेल्यावर त्यांचा आवाज आला म्हणून मी मागे पाहिलं. ते आमच्याशी बोलत नव्हते. ब्रश पाण्यात खळबळून झटकत, बाजारात जाण्यापूर्वी घरात सूचना द्याव्यात तशा सुरात ते त्या ओल्या कबरीला सांगत होते:

"हे बघ, आधी तुला उठवलं तर लगेच पुढे जाऊ नकोस. इथेच थांब. मला कात्रजवरून यायचंय, स्वारगेटला वेळ जातो."

मग त्यांनी ब्रश पिशवीत टाकला, दुमडलेली पँट सरळ केली आणि फाटकाकडे चालू लागले. शालिनी ते दिसेनासे होईपर्यंत बघत उभी राहिली. हातातली फुलं वाहायची तशीच राहिली होती, पण मी तिला हाक मारली नाही.